लिंबाजीरावांनी ‘तट्टू’ म्हटले त्याची हकीकत

ज्याच्या पाठीवर मार्तंड बैसतो त्या घोड्यास प्रथम दंडवत, मग खुद्द मार्तंडास, मग वाचणारांस. लिहिणार चुकला तर लाथ घोड्याने मारावी, वाचणाराने मारू नये. शके एकोणीसशे नऊ, प्रभवनाम संवत्सरी, माघमासी पाथरीच्या पशुप्रदर्शनात जे तुंबळ जाहले ते येणेप्रमाणे.

चारठाण्यानजीक लिंबाजीरावांची पागा. घोड्या पाच, नर एक, शिंगरे दोन. जात अस्सल दख्खनी, अंगाने काटक, उंचीने बेताची. परंतु बेताची म्हणणे पागेत गुन्हा. कारण की तीर्थरूप आश्रुबा यांस भर बाजारी कोणी ‘भाड्याचं तट्टू’ म्हणोन हिणविले, आणि त्यांनी घरी येताच फर्मान काढिले की, या उंबऱ्याआत तट्टू हा शब्द जो उच्चारील त्याची भाकर बंद. तेव्हापासोन जनावर शेळीएवढे का असेना, घरचे सारे त्यास घोडाच म्हणत आले.

अशात पुत्र चंद्रभान यांनी बंड केले की, पागा पूर्णेच्या टांगेवाल्यास देऊ आणि दारी राजदूत आणू. लिंबाजीरावांस वाटले कोण्या दरबारचा वकील येतो. मग कळले की फटफटी. अखेर तह ठरला: पाथरीस शेवंता घोडी पहिली आली तर पागा राहील, न आली तर राजदूत येईल. शेवंतेची आई तिला जन्म देवोन तिसरे दिवशी मेली होती आणि लिंबाजीरावांनी तिला वाटीने दूध पाजोन वाढविले होते, त्यामुळे तहास हो म्हणताच ते उठोन तिला खरारा करू लागले.

मग कूच जाहले. लिंबाजीराव व चंद्रभान घोडीसवे पायी, सेलूस मुक्काम करोन. आणि कुटुंब धुरपताबाईसाहेब भाकऱ्यांचे गाठोडे घेवोन एस्टीने. त्या अगोदर पोचल्या आणि ते दिवसभर ऐकविले.

नोंदणीस जनावरांचे डॉक्टर बन्सीधर. गट दोन, घोडा आणि देशी तट्टू. घोड्यांत व्यंकटरावांचा मारवाडी ऐसा उंच की, शेवंता त्याच्या पोटाखालोन निघोन गेली आणि त्यास खबर न लागली. तट्टूंचे मैदान मात्र ओस. कारण बुटकी जनावरे आणखी चौदा आली होती, परंतु लिंबाजीरावांसकट धनी सारे छाती काढोन ‘घोडा’ लिहवीत होते. डॉक्टरांनी शेवंतेस न्याहाळोन हुकूम केला की, धन्याने स्वमुखे जात सांगावी, तरच गट बदलेल.

लिंबाजीराव तोंड उघडीत आणि मिटीत. बापाचे फर्मान आडवे येई. चंद्रभान बाजूस राजदूत काळा घ्यावा की तांबडा ऐसे मनसुबे करीत. तेव्हा धुरपताबाईसाहेब कडाडल्या, “आवो, शब्दच हाय, इंगळी हाय का तोंडात? म्हणा की! लेकरू जायलंय हातचं!”

मग लिंबाजीरावांनी डोळे मिटोन, शेवंतेची आयाळ मुठीत धरोन आरोळी ठोकिली, “तट्टू हाय! बापजाद्यापासून तट्टूच हाय!”

ते ऐकोन बाकी चौदा धन्यांसही कंठ फुटला, “आमचं बी तट्टूच लिवा, सायेब!” आणि ओस मैदान भरोन गेले. घ्या! लिंबाजीरावांनी बापाची आण मोडोन चौदा वैरी उभे केले.

पाहणी सुरू जाहली, खूर पाहिले, दात पाहिले, इतक्यात कर्णा किंचाळला आणि चौदाही जनावरे खुंट्यांसकट उधळली. शेवंता मात्र डॉक्टरांच्या हातची यादी चघळीत जागची हलली नाही. डॉक्टर म्हणाले, तट्टू असावे तर ऐसे निबर. पहिला नंबर शेवंतेस! लिंबाजीराव तिच्या मानेस मिठी मारोन लेकरासारखे रडले.

यादी पोटात गेल्याने कारकुनाने प्रशस्तिपत्र आठवेल तैसे लिहिले. चंद्रभान वाचू लागले आणि अडखळले, “बाबा, यात शेवंतेचं नावच न्हाई. ‘उत्कृष्ट देशी तट्टू: श्री. लिंबाजी आश्रुबा, मुक्काम चारठाणा.’”

धुरपताबाईसाहेब भाकरी मोडीत म्हणाल्या, “बरूबर लिवलंय. मीच इतकी वर्सं घोडा समजून बसले व्हते.”

लिंबाजीरावांनी शेवंतेस पाणी दाखविले. येणेप्रमाणे पाथरीची मोहीम फत्ते जाहली, पागा कायम जाहली, राजदूत वेशीबाहेरोनच माघारा गेला, आणि सदरहू कागद काचेत बसवोन दारावर लाविला, तो येणारा-जाणारा वाचतो.