शिंप्यानं शिवलेला हौद

अस्तर या विषयात मला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! कोटाचं अस्तर, जाकिटाचं अस्तर, हातपिशवीचं अस्तर. एकदा तर एका बाईंनी कुत्र्याच्या टोपलीला माझ्याकडून रेशमी अस्तर लावून घेतलं, आणि कुत्रं आठवडाभर बाहेर यायला तयार नव्हतं! चाळीस वर्षं झाली, या हातांनी दुसरं काही केलेलं नाही. त्यामुळे वहिनी जेव्हा म्हणाल्या, "भावोजी, हौदाचं अस्तर फाटलंय हो," तेव्हा मी हसून म्हणालो, "एवढंच ना?"

तुम्ही आत्ताच हसू नका. आधी सगळं ऐका, मग खुशाल हसा. मी अडवणार नाही.

दादा माझा थोरला भाऊ. पोहण्याचा मास्तर. घरामागे त्याचा शिकवणीचा पूल आहे. पूल म्हणजे पोहायचा, नदीवरचा नव्हे! हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आम्ही घरात त्याला हौदच म्हणतो. या हौदाला आतून फरशा नाहीत. तळापासून काठापर्यंत एकच जाड, निळं प्लास्टिकचं अस्तर, आणि त्याची कड वरच्या खाचेत अडकवलेली. अर्ध्या गावाला दादानं त्यात हातपाय मारायला शिकवलं. राहिलो तो मी. मी पाण्यात उतरलो की थेट तळ गाठतो.

अस्तर फाटलं त्याच्या दीड महिना आधी दादाला झटका आला. डावा हात थोडा गेला, डावा पाय पूर्ण गेला, आणि जीभ जड झाली. शब्द अर्धे बाहेर यायचे, अर्धे आतच राहायचे. डॉक्टरीणबाई स्पष्टवक्त्या. म्हणाल्या, "पहिल्या तीन महिन्यांत जे परत येईल ते तुमचं. पुढे फारसं काही हाती लागत नाही."

जमिनीवर दादाचा पाय म्हणजे नुसता ओंडका. पण छातीभर पाण्यात उभा केला, आणि पायानं हालचाल केली! पहिल्या दिवशी दोन पावलं. पंधरा दिवसांत अकरा! वहिनी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा लिहायच्या. अकरा लिहिलं त्या दिवशी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पदरात तोंड घालून रडल्या. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

आणि नेमकं तेव्हाच हौदाला गळती लागली. दादाला पाण्यात उतरवायच्या खुर्चीचा पाय घासून तळाशी, पायऱ्यांपाशी, वीतभर चीर पडली होती. पाणी रोज चार बोटं खाली. छातीवरचं पाणी पोटावर आलं, आणि दादाची पावलं अकरावरून सातवर आली. गावात मोठा तलाव आहे, पण तिथे एक बाजू पोराटोरांची, गुडघाभर, आणि दुसरी पुरुषभर. दादाला दोन्ही निकामी.

"हौदवाल्याला फोन केलाय," वहिनी म्हणाल्या. "चार दिवसांनी येतो म्हणाला."

"चार दिवस? वहिनी, वीतभर चिरेसाठी चार दिवस? घरात शिंपी असताना?"

"तुम्हाला येतं का हो ते?"

"अस्तर आहे ना? मग झालं तर!"

पुढचं मी कितीही वेळा आठवलं तरी माझे कान मलाच उपटावेसे वाटतात. ओल्यात शिवणार कसं? म्हणून मी पंप आणला, नळी हौदात सोडली. दादा काठावर चाकाच्या खुर्चीत बसला होता. पंप सुरू झाला तसा तो एकदम ताठ झाला. उजवा हात हवेत उडवत ओरडायला लागला, "का... ढू! काढू!"

"अरे दादा, तू कशाला काढतोस? मी काढतोय ना!"

"काढू! का... ढू!" चेहरा लालबुंद!

"बघा वहिनी, केवढा उत्साह आलाय त्याला! एवढा मोठा शब्द महिनाभरात बोलला नव्हता!"

वहिनींनाही बरं वाटलं. त्यांनी दादाच्या पाठीवरून हात फिरवला. दादानं तो झटकला, खुर्चीच्या दांड्यावर मूठ आपटली आणि पुन्हा "काढू!" म्हणाला. मी पंपाचा वेग वाढवला.

संध्याकाळपर्यंत हौद कोरडा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाकडी सुई, मेण लावलेला जाड दोरा आणि बसायला पाट घेऊन खाली उतरलो. हौदाच्या तळाशी सुक्या पायांनी बसलेला आमच्या घराण्यातला मीच पहिला! चीर जुळवली आणि बारीक टाके घालत गेलो. बत्तीस टाके! एकसारखे, मोजून एका मापाचे. ऊन डोक्यावर आलं तोवर शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि वर बघून म्हणालो, "सांग दादा, फाटलं होतं कुठे?"

दादानं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, समाधानानं.

आता तुमच्यातल्या शहाण्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. कापडाला टाका घातला की धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा मिटतात. प्लास्टिक मिटत नाही. तिथे सुई गेली की भोक राहतं. बत्तीस टाके म्हणजे चौसष्ट भोकं! एका चिरेची दुरुस्ती म्हणून मी हौदाला चाळण करून ठेवली होती, आणि तीही अगदी सरळ रेषेत.

पण ते तेव्हा मला कुठे ठाऊक? मी पाणी सोडलं. हौद भरायला अख्खा दिवस आणि वर अर्धा. पाणी चढत होतं तसा मी काठावरून फेऱ्या मारत होतो, तेव्हा एका कोपऱ्यात अस्तराची कड खाचेतून सुटलेली दिसली. दीड दिवस उन्हात कोरडं पडलेलं जुनं प्लास्टिक आक्रसलं होतं. धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखं. मी म्हटलं, ओढून बसवू! पालथा पडून दोन्ही हातांनी ओढलं.

फर्र!

तो आवाज मी जन्मभर ओळखतो. गिऱ्हाईक वाकतं तेव्हा येतो तो. कोपरा हातभर फाटला, आणि मी कडेसकट पाण्यात! पाणी कमरेइतकंच होतं, पण बुडणाऱ्याला कमरेइतकंही पुरतं. मी आरडाओरडा केला. वहिनींनी पाणी ढवळायचा लांब बांबू पुढे केला, तो माझ्या कपाळावर बसला. आणि वर खुर्चीतला माझा भाऊ, ज्यानं हजार माणसं पाण्यातून ओढून काढली असतील, तो एका हातानं चाक फिरवत काठाकडे यायला लागला.

"वहिनी, दादाला धरा!" मी ओरडलो. "मला सोडा, त्याला धरा!"

पुढचं चाक काठाबाहेर लटकलं तेव्हा वहिनींनी खुर्ची मागे खेचली. मी उभा राहिलो. उभं राहिल्यावर कळलं, उभं राहता येत होतं. वहिनींनी खुर्ची पार भिंतीपाशी नेऊन ठेवली. इकडे मी ओढलेली कड सुटली, त्यातून पाणी अस्तरामागे शिरलं, तळाशी ताण आला, आणि माझे बत्तीस टाके एका ओळीत उसवत गेले. वीतभर चिरेची आता कपाटाच्या दाराएवढी फट झाली.

हौदवाला ठरल्याप्रमाणे चौथ्या दिवशी आला. वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसून बघितलं.

"हे... शिवलंय?"

"हो," वहिनी म्हणाल्या.

"कोणी?"

"शिंप्यानं."

तो जो हसायला लागला! पोट धरून! "अहो, याला ठिगळ पाण्यातच चिकटवतात! पाण्यात लागणारा गोंद मिळतो. दहा मिनिटांचं काम! आणि पाणी काढायचं तर मुळीच नसतं, आतल्या पाण्याच्या वजनानंच हे जागेवर राहतं! कोणत्या गाढवानं..." तेवढ्यात त्याची नजर दादाच्या खुर्चीवर, पायावर गेली. त्याचं हसू मावळलं. तो उठला आणि माप घ्यायला लागला. "नवं लागेल," तो हळू आवाजात म्हणाला. "मापानुसार बनवून येतं. सहा आठवडे."

"सहा आठवडे?" मी म्हणालो. "कापड आणून द्या, मी दोन दिवसांत..."

"भावोजी!" वहिनी ओरडल्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या माझ्यावर पहिल्यांदा ओरडल्या.

त्यांनी मागच्या दारातून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मीही बघितलं. डॉक्टरीणबाईंच्या तीन महिन्यांतले नेमके सहा आठवडे उरले होते.

मग मी काय नाही केलं! पाण्याचं भलंमोठं पिंप आणलं आणि दादाला त्यात उभा केला. छातीभर पाणी झालं खरं, पण पाऊल टाकायचं कुठे? तो त्यात नुसता उभा, आणि बाहेर काढायला शेजारचे तिघे. मोठ्या तलावावर नेलं, तिथे दोघांनी दोन्हीकडून धरलं तरी दादा पाणी प्यायला, आणि रखवालदारानं पुन्हा येऊ नका म्हणून हात जोडले. रोज सकाळी दोन तास मी त्याचा पाय चोळत बसायचो. पाय माझ्या मांडीवर असायचा, पण दादाला तो आहे हे कळत नव्हतं.

या सहा आठवड्यांत एक गोष्ट मात्र परत आली. जीभ. एका सकाळी मी तेल लावत होतो आणि दादा एकदम स्वच्छ आवाजात म्हणाला, "काढू नको म्हणत होतो रे, गाढवा!"

मी तेलाची वाटी खाली ठेवली.

"'नको' बाहेरच येईना," दादा म्हणाला. "काढू, काढू, एवढंच. आणि तू आपला पंप वाढवतोयस!" तो हसला. मला काही हसू आलं नाही.

नवं अस्तर आलं. हौदवाल्यानं ते असं बसवलं की कुठे एक चुणी नाही. मला मत्सर वाटला, कबूल करतो. पाणी भरलं, दादाला खुर्चीवरून उतरवलं, छातीभर पाण्यात उभा केला. वहिनी पेन घेऊन काठावर. दादानं ओठ आवळले, मान खाली घातली आणि पायाकडे बघत राहिला. आम्ही तिघंही त्या पायाकडे बघत राहिलो. मग दादा म्हणाला, "पाणी छान आहे." वहिनींनी पेनाचं टोपण लावलं.

डॉक्टरीणबाई आल्या. छोट्या हातोडीनं गुडघ्यावर मारून बघितलं, तळव्याला टाचणी टोचून बघितली. "आता खुर्चीचीच सवय करायला हवी," म्हणाल्या. सहा आठवडे मध्येच का गेले, ते कोणी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, तेव्हा दादा म्हणाला, "हौद जुना झाला होता."

परवा वहिनींनी दादाच्या पँटी काढून ठेवल्या. म्हणाल्या, डावीकडून नुसत्या लोंबतात, चाकात अडकतात, तेवढं बघा. मी टाचण्या तोंडात धरल्या, खुर्चीसमोर बसलो आणि मांडीला टेप लावला. उजवी वीस. डावी सोळा.

"किती आहे रे?" वरून दादानं विचारलं.

मी टाचण्या हातात काढल्या. "वीस."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग पँट का लोंबते?"

"मीच ढगळ शिवलीय."

"तू?"

"हो. माप चुकलं माझं."

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, ऐकलंस का? आपला शिंपी म्हणतोय, चूक त्याची आहे!"

आत भांडी वाजायची थांबली. थोड्या वेळानं वहिनींचा आवाज आला, "ऐकलं."

मी टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या आणि डावी बाजू सोळावर टाचली.