लाल टिकलीची होडी

बाईंनी घरच्या गॅरेजमध्ये चित्रांची गॅलरी उघडून तीन दिवस झाले तरी एक चित्र खपेना, तेव्हा त्यांच्या नवऱ्याने डोकं चालवलं. विकलेल्या चित्राला लावतात ती लाल टिकली त्याने होडीच्या चित्राला उगाचच चिकटवली. एक गेलेलं दिसलं की लोक बाकीच्यांवर तुटून पडतील, असा त्याचा होरा होता.

लोक तुटून पडले, पण होडीवरच. त्यात चित्रकार आला, टिकली पाहून रडला आणि नवऱ्याच्या गळ्यात पडला. आता त्याला खरं कुठल्या तोंडाने सांगणार? चित्र मुकाट्याने स्वतःच विकत घ्यावं लागलं.

"कोणी घेतलं हो?" गावच्या पोस्टमास्तरांनी विचारलं. होडीपुढून ते हलायलाच तयार नव्हते.

"बोटीवरचे कप्तान आहेत एक," नवऱ्याने ठोकून दिलं. "परत आले की नेतील."

"त्यांचं मन बदललं तर मला कळवा हं."

कप्तान काही येईना आणि पोस्टमास्तर काही पाठ सोडेनात. दर प्रदर्शनाला ते हजर, आणि होडी बाईंच्या पलंगाखाली. खरं सांगावं तर गॅलरीची अब्रू जाणार. बघता बघता गॅलरी गॅरेजमधून निघून चार मजली इमारतीत गेली. पोस्टमास्तर निवृत्त झाले, बाईंचा नवराही गेला. उद्घाटनाला आता बडी बडी मंडळी येत, पण बाईंचे डोळे दाराकडे लागलेले असत. नवऱ्याच्या गॅरेजमधल्या गमती आठवणारं पोस्टमास्तरांशिवाय उरलं होतं कोण?

तिसाव्या वर्षी बाईंनी धीर केला आणि होडी भिंतीवर लावली, टिकलीशिवाय. नवी मॅनेजर पडली शिस्तीची. जुन्या यादीत 'विकलेले' असं वाचून तिने लगेच टिकली लावून टाकली.

पोस्टमास्तर होडीपुढे येऊन थांबले. "म्हणजे कप्तान अजून अडून बसलाय तर!"

बाईंना राहवेना. "कप्तान नव्हताच हो. यांनी थाप मारली होती."

"माहितेय. इथून समुद्र गाडीने दोन दिवसांवर. कप्तान येणार कुठून?"

"मग तीस वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही चित्र देऊन टाकलं असतंत. मग मी इथं कुठल्या निमित्ताने आलो असतो? घरी आहे कोण माझं?"

"अहो, निमित्त कशाला लागतं? रोज या. मी वाट बघत असते तुमची."

"असं म्हणता?" टिकली नखाने खरवडत पोस्टमास्तर म्हणाले, "मग द्या बांधून."