फुकटच्या लग्नातला हंस

दर शुक्रवारी संध्याकाळी कू मानबोक फ्रिजच्या दारावर नवा कागद चिकटवायचे. शनिवार-रविवारी सोल शहरात कुठे काय फुकट आहे, याची ती यादी. नदीकाठचा वाद्यवृंद, संग्रहालयातलं व्याख्यान, बागेतली रक्तदाब तपासणी. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. पासष्टी उलटल्यापासून मेट्रोही फुकट, त्यामुळे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जे जे फुकट ते ते आपलंच, असं ते समजून चालत. फुकट ते पौष्टिक, या तत्त्वावर त्यांनी बायकोचीही सात वर्षं करमणूक केली होती.

बायको ओकबुन मुकाट्याने मागून चालायची. तिची मागणी एकच होती, आणि ती चाळीस वर्षं जुनी होती. लग्न अर्ध्या तासाच्या हॉलमध्ये घाईघाईने उरकलं होतं. त्यानंतर जेजू बेटावर जायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. "पुढच्या वर्षी नक्की," असं मानबोक दर वर्षी म्हणायचे. येत्या शनिवारी लग्नाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती.

"या वर्षी जेजू झालं नाही, तर मी बुसानला ताईकडे राहायला जाईन," ओकबुनने मंगळवारीच बजावलं होतं. "कायमची. मग बसा एकटे फुकटचं ऐकत."

मानबोक हादरले. पण घाबरलेला माणूससुद्धा सवयीप्रमाणेच वागतो. त्यांनी मोठ्या मनाने यादीतला कार्यक्रम निवडायचा मान या वेळी बायकोला दिला. तिने बोट ठेवलं ते जुनी कौलारू घरं जपून ठेवलेल्या एका आवारातल्या कार्यक्रमावर. ‘पारंपरिक विवाह सोहळा, सर्वांना मुक्त प्रवेश.’ जेजूचं नाव तिने काढलं नाही, म्हणून मानबोक खूश झाले. वादळ टळलं, असं त्यांना वाटलं.

शनिवारी सकाळी ओकबुनने केस रंगवले होते.

"हे बघा, अकरा वाजता याच अंगणात थांबायचं," तिने बजावलं. "मी आत जाऊन येते. इथून हलायचं नाही."

"नाही गं हलत."

"आजच्या दिवस तरी."

ती आत गेली आणि पलीकडून धप धप आवाज आला. कोपऱ्यात लाकडी उखळीत शिजवलेला चिकट तांदूळ घणाने कुटत होते. चार घण मारा, पिठात घोळवलेल्या गरम वड्या खा, एक पैसा नाही. मानबोकांनी चार घण मारले, वड्या खाल्ल्या, टोपी काढून खिशात घातली आणि नवा माणूस म्हणून पुन्हा रांगेत उभे राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांनी चष्माही काढला. इकडे अंगणात कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून दोन-तीनदा कसलं तरी नाव पुकारत होतं, पण उखळीजवळ कोणाला काय ऐकू येणार?

अकरा वाजून दहा मिनिटांनी ते तोंडात तीन वड्या कोंबून परतले. अंगणात गर्दी जमली होती. मधोमध मंडपाखाली खजूर-चेस्टनट मांडलेलं टेबल होतं. एका बाजूला निळ्या झग्यातला, ताठ कण्याचा, रुबाबदार नवरदेव. दुसऱ्या बाजूला लाल शालूतली, दोन्ही गालांवर आणि कपाळावर लाल ठिपके लावलेली नवरी.

‘वयस्कर दिसते,’ मानबोकांच्या मनात आलं. त्यांनी चष्मा घातला.

ती हेजूची आई होती. म्हणजे त्यांच्या लेकीची आई. म्हणजे त्यांची स्वतःची, चाळीस वर्षं जुनी बायको!

 मानबोकांनी ओरडायला तोंड उघडलं, पण तीन वड्यांनी वरचे दात खालच्या दातांना पक्के चिकटवून टाकले होते. "म्म्म! म्म्म!" करत ते गर्दी बाजूला सारून पुढे धावले.

"आलात का काका!" सूत्रसंचालन करणारी मुलगी धावत आली. "किती वेळ वाट बघायची? हंसवाल्यावाचून सगळं अडलंय!"

"म्म्म!"

"बोलायचं नाही, नुसतं चालायचं." तिने त्यांच्या अंगावर झगा चढवला, डोक्यावर टोपी घातली आणि हातात लाल फडक्यात बांधलेला लाकडी हंस दिला. "हंस एकदा जोडी जमवतो ती मरेपर्यंत सोडत नाही. तोच वचन म्हणून नवरीकडे पोचवायचा. नवरीची आई नाहीये, थेट नवरीलाच द्या. चला, चला!"

ढोलकी वाजली. आणि कू मानबोक स्वतःच्या बायकोच्या लग्नात परक्या माणसाचं वचन घेऊन चालू लागले.

टेबलापाशी ओकबुनने दोन्ही हात पुढे केले. मानबोकांनी हंस छातीशी गच्च धरला.

"द्या," ती हळूच म्हणाली.

मानबोकांनी मान हलवली.

"अहो, द्या तो हंस. लोक बघतायत."

मानबोकांनी जिवाच्या आकांताने वड्या गिळल्या. डोळ्यांत पाणी आलं, पण वाचा फुटली. "नाही देणार! ही माझी बायको आहे!"

अंगणात टाळ्यांचा कडकडाट झाला. "वा काका! काय काम करतात!" कोणीतरी ओरडलं. लोकांनी मोबाईल वर केले.

"नाटक नाहीये! चाळीस वर्षं संसार केलाय आम्ही!" मानबोक घामाघूम झाले होते. "सांग ना गं यांना!"

मुलीने हसत हसत माईक नवरीपुढे धरला. ओकबुनने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवरच्या पिठाकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाली, "मी यांना ओळखत नाही."

हशा गगनाला भिडला. मानबोकांच्या हातातलं बळच गेलं आणि हंस आपसूक तिच्या ओंजळीत पडला. नवरी दोनदा वाकली, नवरदेव एकदा वाकला. मानबोक खांबाला धरून उभे होते.

धक्के एवढ्यावर संपायचे नव्हते. "आजच्या जोडीला आमच्याकडून भेट!" मुलगी ओरडली. "दोघांसाठी जेजू बेटाची मोफत सहल!" ओकबुनच्या हातात पाकीट पडलं. हंसवाल्याला एक टॉवेल मिळाला.

"छान काम केलंत हो," नवरदेव येऊन म्हणाले. हे निवृत्त मुख्याध्यापक बे गुरुजी. "मी नुसता बघायला आलो होतो. यांचा नवरदेव आलाच नाही, म्हणून मला धरून उभं केलं." पण रागाने कान बंद झाले की शब्द आत शिरत नाहीत. मानबोकांना फक्त गुरुजींचा ताठ कणा दिसत होता.

 परतताना मेट्रोत चौथ्या स्टेशनला मानबोकांनी विचारलं, "तू... जाणार आहेस?"

"फुकट आहे ना," ओकबुन खिडकीबाहेर बघत म्हणाली. "फुकट मिळालेलं सोडायचं नसतं. तुमचीच शिकवण."

"त्या मास्तराबरोबर?"

ओकबुनने पाकीट पर्समध्ये ठेवलं. घरी आल्यावर कॅलेंडरवर पुढच्या शनिवाराभोवती गोल काढला आणि खाली विमानाची वेळ लिहिली.

मानबोकांनी चार रात्री छताकडे बघत काढल्या. बुसानला ताईकडे गेली असती, तर निदान ताई होती! पाचव्या दिवशी ते एकटेच बाहेर पडले आणि त्याच विमानाचं तिकीट काढून आले. शनिवारचं, गर्दीतलं, पूर्ण भाड्याचं. खिडकीवरच्या बाईने ज्येष्ठांची सवलत संपल्याचं सांगितलं, तरी ते भांडले नाहीत. नुसतं "द्या" म्हणाले. तिकीट त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात लपवलं; घरी तो कोट ओकबुननेच खुंटीला टांगला.

शनिवारी किम्पो विमानतळावर ते टोपी पुढे ओढून बायकोच्या मागे मागे राहिले. बे गुरुजी कुठे दिसेनात. मानबोकांची जागा अगदी शेवटच्या रांगेत होती. वाटेत सहाव्या रांगेत ओकबुन एकटी बसली होती, शेजारची खुर्ची रिकामी होती.

"तो कुठाय?" मानबोकांनी दबक्या आवाजात विचारलं.

"कोण?"

"नवरदेव!"

ओकबुनने पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. आत दुसरं तिकीट होतं. त्यावर नाव होतं, कू मानबोक.

"दोन महिन्यांपूर्वी नोंदवलं होतं मी आपल्या दोघांचं नाव," ती म्हणाली. "लग्न आपलं होतं. तीनदा पुकारलं तुम्हाला. तुम्ही वड्या खात होतात."

मानबोक मटकन त्या रिकाम्या खुर्चीत बसले. तोंडातून शब्द फुटेना, आणि या वेळी तोंडात वडीही नव्हती.

"मग... मग आठवडाभर बोलली का नाहीस?"

"माझ्यासाठी तुम्ही कधी पूर्ण पैसे मोजता का, ते एकदा बघायचं होतं." तिने सोललेलं उकडलेलं अंडं त्यांच्या हातावर ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "मोजलेत हो."

मानबोकांनी तिचा हात धरला. विमान धावू लागलं.  मग त्यांना राहवलं नाही.

"अगं, पण ते माझं शेवटच्या रांगेतलं तिकीट... त्याचे पैसे..."

"परत मिळत नाहीत," ओकबुन म्हणाली. "मी कालच विचारून ठेवलंय."