मावशींच्या खांद्याची मुक्त रेषा

खेळकरपणा हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. (सिद्ध करणाऱ्यांना खेळायला वेळ होता. बाकीचे कामावर गेले होते.)

आमचा ग्राफिक डिझायनर दिवसभर संगणकावर साबणाची वेष्टने आणि बिल्डरांची पत्रके बनवतो. चाळिशीच्या तोंडावर त्याला कळले की आपल्यातले लहान मूल गुदमरते आहे. म्हणून त्याने शनिवार-रविवारची एक कार्यशाळा केली आणि सोमवारी तो प्रायोगिक मुद्राचित्रकार झाला. प्रायोगिक मुद्राचित्रण म्हणजे हाताला लागेल त्या वस्तूला शाई फासायची, ती कागदावर दाबायची आणि उमटेल त्याकडे मान तिरकी करून बघायचे. मान तिरकी करणे सक्तीचे आहे. सरळ मानेने नुसता डाग दिसतो.

सुरुवातीला झारा, गाळणे, चपला आणि सासऱ्यांचा गुडघ्याचा पट्टा यांना कलेचा दर्जा मिळाला. (सासऱ्यांना विचारले नव्हते. विचारले की उत्स्फूर्तता मरते.) मग त्याची नजर बायकोच्या भिंतीकडे वळली.

बायको कपडे शिवते. दुकानातले तयार कपडे ज्यांना बसत नाहीत, त्यांचे. कुणाला कुबड आहे, कुणाचा एक हात आखूड. प्रत्येकाच्या अंगाचा पुठ्ठ्याचा खाका कापून ती खिळ्याला टांगून ठेवते. त्यात एक खाका निवृत्त शिक्षिकेचा होता. त्यांना सगळे मावशी म्हणतात. पाठीचा कणा वाकडा, डावा खांदा चांगलाच खाली. हा खाका बनावा म्हणून मावशी भिंत धरून, कळा सोसत, पुन्हा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. आता त्यांना उभेच राहता येत नाही. मुलीच्या लग्नात चाकाच्या खुर्चीत का होईना, अंगावर नीट बसणारे जॅकेट घालून मिरवायचे, एवढीच त्यांची हौस.

डिझायनरने खाका पाहिला. मान तिरकी झाली.

"काय रेषा आहे! कुठल्या नियमाला म्हणून जुमानत नाही!"

शाई फासली गेली. बरेच कागद फुकट गेले (कलेत फुकट जात नाही, त्याला प्रक्रिया म्हणतात). एक प्रत जमली. आता शिस्तीचा भाग. या कलेत प्रथा आहे की प्रती काढून झाल्या की शाई फासलेला मूळ ठसा मोडायचा, म्हणजे कुणी मागून आणखी काढून मूळ प्रतीची किंमत पाडू नये. आयुष्यात एक मुदत न पाळलेल्या माणसाने ही प्रथा डोळ्यांत तेल घालून पाळली. खाक्याच्या बारीक पट्ट्या केल्या. बायकोच्याच कात्रीने.

"अरे, मावशींचा खाका कुठंय?"

"तो आता खाका नाही राहिला गं. मुक्त झालाय."

"तुलाच मुक्त करते, थांब. कुठंय?"

"ठसा मोडावा लागतो. शिस्त असते आमच्यात."

"ओला टॉवेल गादीवर फेकतोस तेव्हा कुठं शेण खायला जाते रे ही शिस्त?"

"पुन्हा माप घे की! त्यात काय एवढं?"

"माप घ्यायला माणूस उभा राहावा लागतो."

डिझायनर क्षणभर गंभीर झाला. बायकोच्या या वाक्यात पुढच्या मालिकेला नाव मिळाले होते.

प्रदर्शन यथासांग पार पडले. नव्वद टक्के प्रेक्षकांनी 'निरागस' हा शब्द वापरला. उरलेल्या दहा टक्क्यांच्या तोंडात बिस्कीट होते. चित्र पहिल्याच दिवशी विकले गेले.

बायकोच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पुठ्ठा कागदावर जसाच्या तसा दाबलेला, म्हणजे चित्र मापाला तंतोतंत. उलटे उमटले आहे, पण गिरवून कागद पालटला की मावशींचा खांदा हाती येतो.

चित्र तुम्ही घेतले आहे. सोफ्याच्या वर, पडद्यांना शोभेल असे. काल दुपारी एक बाई पातळ कागदाची गुंडाळी घेऊन तुमच्या दारात उभी होती.

"पाचच मिनिटं फ्रेम खाली घेता का हो? नुसतं गिरवून घेते. लग्न तोंडावर आलंय."

तुम्ही सौजन्याने सांगितलेत की ही एकमेव प्रत आहे, नक्कल करू देणे हा कलावंतावर अन्याय होईल. मग दार लावलेत. आत पाहुणे बसले होते. त्यांनी विचारले, कोण होते?

"कुणी नाही," तुम्ही म्हणालात, आणि या रेषेत किती वेदना आहे ते त्यांना समजावून सांगू लागलात.