रिकाम्या खुर्चीपुढचा पेला

सबनीस सर सरावाला येत ते काखेत एक घडीची खुर्ची घेऊन. ती मांडायची, तिच्यापुढच्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा, आणि तिला नमस्कार केल्याशिवाय कोणी युक्तिवाद सुरू करायचा नाही, असा त्यांचा नियम होता. त्या खुर्चीवर कधीच कोणी बसत नसे.

प्रताप नगरमधल्या आमच्या विधी महाविद्यालयात सर अपघात आणि नुकसानभरपाईचा कायदा शिकवतात आणि मूटची, म्हणजे विद्यार्थ्यांनी लढवायच्या लटक्या खटल्यांची, तयारी करून घेतात. अशा खटल्यात वकील असतात, न्यायाधीश असतात; ज्याचे हाड मोडले तो माणूस तेवढा नसतो. सरांच्या मते ही व्यवस्थेतली मूलभूत त्रुटी होती आणि खुर्ची हा तिच्यावरचा उपाय. रस्त्यात उघडे गटार दिसले की ते थांबून म्हणत, "हा बघ, पुढच्या वर्षीचा खटला."

माझे आधीचे शिक्षण भौतिकशास्त्राचे. पुराव्याशिवाय मी कशालाही नमस्कार करत नाही.

"सर, मी ठेकेदाराची वकील आहे. मतलब, ही खुर्ची माझ्या विरुद्ध पक्षाची."

"विरुद्ध आलाय म्हणून पाणी विचारणार नाहीस? घरी असंच शिकवलंय?"

माझा जोडीदार देवेंद्र, बगरू गावचा हिंदी बोलणारा मुलगा, खुर्चीला माताजी म्हणे. "प्रणाम कर ले. माताजी रूठीं तो सर बोलने नहीं देंगे." मी नमस्कार करत असे, वेळ वाचवण्यासाठी.

अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम वक्त्याला दिल्लीतल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी मिळणार होती. प्रयोगशाळा सोडून मी कायद्याकडे वळल्यापासून माझे फौजी बाबा जेवताना माझ्याशी केवळ हवामानावर बोलत. मला जिंकणे भाग होते.

खटला कठडा नसलेल्या खड्ड्यात पडून पाय मोडलेल्या बाईचा. दिव्याचे अंतर, खड्ड्याची कड, नजरेचा कोन, सारे मी मांडले होते. निष्कर्ष एकच: बाईंनी खाली पाहिले असते, तर त्या पडल्या नसत्या.

अंतिम फेरीच्या दिवशीही सरांनी खुर्ची मांडली. न्यायाधीशांच्या कपाळावर आठी उमटली. मी बोलू लागले. युक्तिवाद ऐन रंगात आला असताना मागचे दार उघडले आणि काठी टेकत एक वयस्क बाई आत आल्या. सभागृह भरलेले होते. पुढे एकच खुर्ची मोकळी दिसली. त्या आल्या आणि तिच्यावर बसल्या. सर अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

जिना चढून त्यांना धाप लागली होती. डावा पाय वाकत नव्हता. तो त्यांनी दोन्ही हातांनी उचलून सरळ ठेवला.

"तर बाईंनी खाली पाहिले असते..." मी म्हणाले, आणि वाक्य पुढे जाईना. वेळ संपत आल्याची घंटा वाजली. देवेंद्रने माझ्या कोटाची बाही ओढली. मी मेज सोडून खाली उतरले आणि पेला त्यांच्या हाती दिला.

"पाणी घ्या, काकू."

"वकीलबाई," न्यायाधीश म्हणाले, "तुम्ही दावा मान्य करता आहात का?"

"नाही, महोदय. पाय मोडला हे मान्य आहे. माझा वाद त्यानंतर सुरू होतो."

तो सुरू होण्याआधीच शेवटची घंटा झाली. उमेदवारी दुसऱ्या संघाकडे गेली.

सभागृह रिकामे होत असताना काकूंनी मला जवळ बोलावले. "मी यांची बायको. कशाला दर वेळी खुर्ची नेता, विचारलं तर सांगत नाहीत. म्हणून आज बघायला आले." त्यांनी पेला खाली ठेवला. "आमचाही खटला झाला होता. माझ्या पायावर दोन्हीकडचे वकील काय सुरेख बोलले! दिवसभर मी कोपऱ्यात बसून होते. घोटभर पाणी कोणी विचारलं नाही."

"तुमच्या बाजूनेसुद्धा?"

"आमच्या बाजूने हेच होते की. जिंकले." त्या हसल्या. "खूश होते फार."

सर आमच्याकडे पाठ करून उभे होते. खुर्चीची घडी घालायला ते वळले; पण काकू अजून तिच्यावरच बसलेल्या होत्या. सरांनी रिकामा पेला उचलला आणि तो पुन्हा भरून आणायला गेले.