हमीद मिस्त्रींचे भुंगे

हमीद मिस्त्रींच्या ओसरीत पाय ठेवला की "या" नाही, "बसा" नाही. आधी बोट वर जायचं. "हळू या भाऊ, काम चालू हाये."

वर टिनांखाली एक जुनं जाड लाकूड तारांनी टांगलेलं होतं. काळे भुंगे करकर करत त्यात भोकं पाडायचे आणि खाली भुसा पडायचा. तो भुसा मिस्त्री संध्याकाळपर्यंत कुणाला झाडू द्यायचे नाहीत. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. पण ते कापसाचे वाईट दिवस होते. नवा वखर, नवी बैलगाडी कोण करून घेणार? रंधा खुंटीला लागला होता. "घरात एक तरी सुतार कामावर पायजे," ते म्हणायचे.

"भोक पाहा. कंपास लावून पाडून दाखवा असं गोल! अन् हे सारं बाई करते. नर नुसता दारात गुरगुरते, चावत बी नाही. आमच्या मोहल्ल्यात बी तसंच हाये."

यावर माझे बाबा खो खो हसायचे. माझं दुखणं ते हसणं होतं.

बाबांना रिद्धपूरकडच्या गावाहून अमरावतीला मीच आणलं. शेत बटईने दिलं, बैल विकले, औतं लाकडाच्या टालीवर टाकली. त्यांना विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या वाट्याला रोज दोन वाक्यं यायची: "जेवलो" आणि "पंखा बंद कर". दुपारी मात्र काठी घेऊन ते शेजारी जायचे आणि त्या लाकडाखालच्या बाकावर मिस्त्रींशी तीन-तीन तास गप्पा मारायचे. मिस्त्री त्यांना पाटील म्हणायचे. मी त्यांच्यासाठी आरामखुर्ची आणली. तिच्यावर मांजर झोपू लागलं.

"बाबा, तिथं एवढं काय आहे?"

"भुंगे हायेत."

परक्या माणसाचा हेवा करणं समजू शकतं. मी किड्यांचा करत होतो.

एका शुक्रवारी मिस्त्री नमाजाला गेले, बाबा झोपले होते. मी भेगा बुजवायच्या लांबीचा डबा घेतला, स्टुलावर चढलो आणि त्या लाकडाचं एकूण एक भोक बुजवलं. मोठी होती त्यांत आधी चिंध्या कोंबल्या. खाली उतरलो तेव्हा बाहेरून आलेल्या भुंगिणी बंद दारावर डोकं आपटत होत्या. तरी मला बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मिस्त्री त्याच स्टुलावर चढून खिळ्याने लांबी टोकरत होते.

"कोणी केलं हो?" मी विचारलं.

"तुमच्या बाहीले विचारा."

बाहीवर लांबी वाळलेली होती.

"भाऊ, एक सांगा. भुंगा चौकोनी भोक पाडते कधी?"

मी वर पाहिलं. गोल भोकांच्या वर, टिनाच्या बाजूला, तीन मोठी चौकोनी भोकं सारख्या अंतरावर होती. पेरणीच्या तिफणीचे फण बसतात ती. आमच्या तिफणीचं खोड होतं ते. लहानपणी याच तिफणीमागे मी चाललो होतो, आणि काल तिला हात लावूनही ओळखलं नव्हतं.

"टालीवर भेटली. जळाऊ म्हून तोडून राहिले होते. पाटलांनी आल्या आल्या ओळखली. म्हने, पोराले सांगू नका, त्याले वाईट वाटन."

"पण तुम्ही तरी सांगायचं."

मिस्त्री खिळ्याकडे बघत राहिले. "तुमी घरी नेली असती. मंग पाटील माह्या ओसरीत कायले आले असते?"

मी दुसरा खिळा घेतला. काठी वाजली, बाबा आले. मिस्त्री स्टुलावरून उतरले. "पाटील, भाऊ मदतीले आले."

बाबांनी माझ्या बाहीकडे पाहिलं, मग वर. "हळू काढ रे," ते म्हणाले. "आत जीव हाये."

हे तिसरं वाक्य, आणि ते माझं होतं. पण बाकावर बसल्यावर सरकून जागा त्यांनी मिस्त्रींना करून दिली.