निकमभाऊंचे विनातिकीट प्रवासी

आमच्या कॉलनीतले निकमभाऊ दोन वर्षांच्या पोरालाही 'अहो' म्हणायचे. नुसतं 'अहो' नाही, वर "आपण आपले नाक पुसून घ्यावे." बाकी माणूस शहाणा. बसस्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर माइकवरून "सिन्नरकडे जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे" असं सांगून सांगून जिभेला तेच वळण पडलेलं. दारात दूधवाला दिसला की "दूधवाले आलेले आहेत" असं जाहीर करायचे. तेही स्वतःलाच, कारण घरात दुसरं होतं कोण? लग्न जमता जमता राहिलं. नामपूरहून आणलेली म्हातारी आई होती तोवर संध्याकाळी अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशी तिची हाक यायची, "ए छबू, जेवाले ये रे!" आणि पन्नाशीचे निकमसाहेब, अंगात खाकी, गप्पा अर्ध्यावर टाकून पळत सुटायचे. आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो. मग म्हातारी गेली आणि ती हाकही थांबली.

तर या निकमभाऊंचा एक नेम होता. नवरात्रात कालिकेची जत्रा भरली, की कॉलनीतली चिल्लीपिल्ली गोळा करून ते पाळण्यात बसवायला न्यायचे. पण फक्त शाळेत न जाणारी! नाव शाळेत घातलं, की त्या पोराची जत्रा बंद. शिंदेवहिनींचा राजू नुकताच बालवाडीत जायला लागलेला, त्यानं भोकाड पसरलं. निकमभाऊंनी त्याच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली आणि म्हणाले, "आपली गाडी सुटलेली आहे."

आता हे उलटंच नाही का? मोठी पोरं सांभाळायला सोपी. स्वतः चालतात, शू आली तर सांगतात. शिंदेवहिनी म्हणायच्या, "चिक्कू आहे मेला. लहानांना बसचं तिकीट पडत नाही म्हणून नेतो." मला ते पटेना. आमचे हे म्हणाले, "तुला काय करायचंय?" मला काय करायचंय! एखादी गोष्ट कळली नाही, तर माझ्या पोळ्या करपतात. म्हणून त्या वर्षी पिंकीचं निमित्त करून मीही निघाले.

आमची पिंकी अडीच वर्षांची, आणि तोंडाची फटकळ. आजोबांना 'अरे', डॉक्टरांना 'अरे'. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना म्हणाली, "ए, तू जा आता घरी." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जूनमध्ये तिलाही बालवाडीत घालायचं होतं, तेव्हा त्याआधी हिच्या तोंडात 'अहो' बसवायचाच, असं मी ठरवून टाकलं होतं.

निघताना निकमभाऊंनी जाहीर केलं, "शू लागलेल्या प्रवाशांनी आत्ताच कळवावे. मध्ये थांबा नाही."

"माझी झाली," बंटी म्हणाला.

"गाडी सुटण्याआधीच बिघाड," असं म्हणत भाऊंनी पिशवीतून कोरडी चड्डी काढली आणि रस्त्यातच बदलली. आई असूनही मला इतकं पटकन जमलं नसतं.

जत्रेत लाकडी घोड्यांचं चक्र होतं, हातानं फिरवायचं. बाकीची पोरं चढली. पिंकीनं दोन्ही हात वर केले. "ए निकमकाका, मला उचल ना रे!"

मी तिचा दंड धरला. "तसं नाही. 'अहो काका, मला उचला' म्हण. नाहीतर घोडा नाही."

पिंकीनं घोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरायला लागले. "अ..." म्हणाली. माझं लक्ष निकमभाऊंकडे गेलं. दिवसभर बोलणारा तो माणूस, चेहरा असा उतरला होता, जणू मी त्यांच्याच हातातलं काही काढून घेत होते. पुढचा 'हो' यायच्या आत त्यांनी "टिंग टिंग" केलं आणि पिंकीला उचलून घोड्यावर बसवलं.

"भाऊ, तुम्हीच लाडावून ठेवता!" मी चिडलेच.

"वहिनी," ते हळूच म्हणाले. आवाजात माइक नव्हता. "शाळेत गेलं की शिकतातच हो सगळी. राजू परवा म्हणाला, 'अहो निकमकाका.' चांगलं आहे, शिकायलाच पाहिजे. पण आई गेली. मला 'अरे' म्हणणारं आता दुसरं कोण आहे? ही चार टाळकी. जूनपर्यंत तरी म्हणू द्या हिला."

जाणून घ्यायचं होतं ना मला? कळलं. डोळ्यांत पाणीच आलं.

"अरे, तू पण बस ना!" पिंकी ओरडली. चक्रवाल्यानं हसत शेजारचा घोडा दाखवला. निकमभाऊ बसले, गुडघे थेट कानाशी. चक्र फिरलं तशी पिंकी घाबरली. "अरे, धर ना मला!"

"धरतो गं पिंके, धरतो!"

'आपण' नाही की 'घ्यावे' नाही.

जूनमध्ये पिंकी बालवाडीत गेली. आठवड्यात बाईंची तक्रार आली, मुलगी सगळ्यांना अरे-तुरे करते. मी म्हटलं, "बाई, साऱ्या गावाला अहो म्हणायला शिकवा. एक निकमकाका तेवढे सोडा."

नवरात्रात दाराबाहेर आवाज आला, "शाळेत जाणाऱ्या एका प्रवाशासाठी जागा राखून ठेवलेली आहे."

आतून पिंकी खच्चून ओरडली, "थांब रे, आले!"